सभा आणि सभ्यता

इ. स. १८९१ च्या फेब्रुवारी महिन्यांत पुण्यांतील क्रीडाभुवनांत एक सभा भरली आणि मोडली. संमतिवयाच्या कायद्यास अनुकूल असलेल्या सुशिक्षित गृहस्थांनीं ती बोलाविली होती. प्रतिपक्षाचे लोक मोठ्या संख्येनें आंत शिरले, गलका झाला, आणि ज्या ठरावासाठीं मंडळी जमली होती तो शांतपणें मांडला जाण्यापूर्वींच सभेचा निकाल लागला. दंग्याचें खापर कोणाच्या माथीं फोडावें याविषयीं पुढें कित्येक आठवडे वर्तमानपत्रांतून वाद चालला. एका पक्षानें टिळकांकडे बोट दाखविलें. टिळकांनीं तो आरोप नाकारला. आज एकशें तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्या वादांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. आमचें प्रयोजन निराळें आहे. शरीर, रोग, प्रसूति, औषधोपचार असल्या विषयांवर समाजानें एकत्र बसून बोलावयाचें म्हटलें म्हणजे इतर विषयांपेक्षां माथीं अधिक कां भडकतात, आणि अशा वेळीं सभ्यता म्हणून ज्या वस्तूची आपण मागणी करतों ती नेमकी कोणाकडून व कोणाच्या सोयीसाठीं करतों, हें आमच्याच इतिहासांतील दोन-तीन प्रसंग घेऊन पाहावें असें मनांत आहे.

संस्कृत व्याकरणाप्रमाणें सभेंत जो शोभतो तो सभ्य. म्हणजे सभ्यता हा मूळचा मनुष्याच्या स्वभावाचा गुण नव्हे, तर बैठकीचा. सभेंत कोणास बसतां येतें हें आधीं ठरतें आणि तेथें बसलेल्यांच्या चालीरीतींवरून सभ्य कोण हें मागाहून ठरतें. ही गोष्ट आम्हीं विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षें व्युत्पत्तीची एक गंमत म्हणून सांगत आलों. तींत इतिहासाचा केवढा भाग दडलेला आहे हें मात्र फार उशीरा ध्यानांत आलें.

प्रथम त्या कायद्याची हकीकत. १८६० च्या दंडसंहितेनें दहा वर्षांखालील पत्नीशीं समागम हा गुन्हा ठरविला होता. १८८४ सालीं बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं आणि हा विषय पुन्हां चव्हाट्यावर आला. नंतर १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि दासी या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. मुलीचें वय दहा वर्षांहून अधिक. नवरा पूर्ण वाढलेला पुरुष. संबंधामुळें झालेल्या रक्तस्रावानें मुलगी दगावली. तिनें दहावें वर्ष ओलांडलें असल्यामुळें बलात्काराचें कलम लागू होईना. नवऱ्यास किरकोळ कलमाखालीं एक वर्षाची सक्तमजुरी झाली. सर अँड्र्यू स्कोबल यांनीं ९ जानेवारी १८९१ रोजीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत ही मर्यादा दहावरून बारा करण्याचें बिल मांडलें आणि १९ मार्चला तें मंजूर झालें. अवघ्या सत्तर दिवसांचा काळ. पण तेवढ्या अवधींत कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत जेवढी शाई व जेवढा घसा खर्ची पडला तेवढा पूर्वीं क्वचितच पडला असेल.

पुण्यांतील वादाचा दर्जा हलका होता असें मात्र कोणीं समजूं नये. आमच्या मतें आजच्या बहुतेक वादांपेक्षां तो पुष्कळच वरचा होता. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं विवाहाचें व गर्भाधानाचें वय धर्मशास्त्रदृष्ट्या काय ठरतें यावर एक इंग्रजी निबंध लिहून १८९१ सालीं प्रसिद्ध केला. टिळकांनीं त्यांतील वचनांचे अर्थ तपासून प्रत्युत्तर दिलें, भांडारकरांनीं त्यास उत्तर दिलें, आणि वाचकांस गृह्यसूत्रें व स्मृति यांची एक लांबलचक पाठशाळाच घडली. टिळकांचा मुख्य आक्षेप सुधारणेवर नव्हता, परक्या सरकारनें कायद्यानें ती लादण्यावर होता. आदल्या वर्षीं त्यांनीं पुण्याच्या सभेंत एक उलट प्रश्नच टाकला होता. मुलीचें लग्न सोळाच्या व मुलाचें विसाच्या आंत करूं नये, चाळिशीनंतर पुरुषानें लग्न करूं नये व करावयाचेंच झालें तर विधवेशीं करावें, हुंडा घेऊं नये, विधवेचें केशवपन करूं नये, असे नियम ज्यांना मान्य असतील त्यांनीं आधीं स्वतः सही करून बांधून घ्यावें आणि मग इतरांस उपदेश करावा, असा त्यांचा रोख होता. पेच मोठा चतुर होता. सह्या फारशा झाल्या नाहींत हें सांगावयास नकोच.

दुसऱ्या बाजूस आगरकर. १८८७ सालीं त्यांनीं 'केसरी' सोडला होता आणि पुढल्या वर्षीं 'सुधारक' काढला होता. कृष्णाजी लक्ष्मण नूलकर हे कायदेमंडळांत या प्रांताचे गृहस्थ. त्यांनीं बिलाच्या बाजूनें मत दिलें. बंगालचे सर रमेशचंद्र मित्र विरुद्ध गेले. हीं सर्व मंडळी विद्वान, मुद्द्यास धरून बोलणारीं आणि वैयक्तिक रागलोभ शक्य तों आवरणारीं होतीं. आणि त्याच पुण्यांत आगरकरांची ते जिवंत असतांना प्रेतयात्रा निघाली! ती त्यांच्या घरावरून गेली व त्यांनीं ती डोळ्यांनीं पाहिली. चार वर्षांनीं, १८९५ च्या डिसेंबरांत, राष्ट्रीय सभेच्या मंडपांत सामाजिक परिषद भरविल्यास मंडप जाळूं अशी धमकी याच शहरांत आली, आणि रानड्यांनीं आपली परिषद निमूटपणें फर्ग्युसन कॉलेजच्या आवारांत नेली. १९०७ सालीं नागपुरास स्वागतमंडळाच्या बैठकींत दंगल झाली म्हणून राष्ट्रीय सभा सुरतेस हलविण्यांत आली, आणि तेथें तर दक्षिणी जोडाच व्यासपीठावर आला. सभा भरविण्याइतकीच ती मोडण्याची कलाही आम्हां महाराष्ट्रीयांनीं चांगली जोपासली होती, असें क्षणभर वाटावें.

या सर्वांची शिकवण आम्ही वर्गांत फार सोप्या रीतीनें देत असूं. ग्रंथांतील वाद म्हणजे सभ्य, रस्त्यावरील दंगा म्हणजे असभ्य. पहिल्याचा आदर करावा, दुसऱ्याचा धिक्कार. इंग्रजी विद्येवर वाढलेल्या आमच्या पिढीस ही विभागणी इतकी स्वाभाविक वाटे कीं तिच्याविषयीं शंकाही येत नसे. आतां वाटतें कीं क्रीडाभुवनाच्या आंत असलेले व बाहेरून आंत घुसलेले यांच्यांत जो भेद आम्ही शिकवीत होतों, त्याहून मोठा भेद दुसराच होता. आंतले काय आणि बाहेरचे काय, दोघेही पुरुषच होते. ज्या शरीराविषयीं तंटा चालला होता तें शरीर ना आंत होतें ना दाराशीं.

बोलूं शकणाऱ्या बायका नव्हत्याच असें म्हणावें, तर तेंही खरें नाहीं. आनंदीबाई जोशी यांचें लग्न नवव्या वर्षीं झालें, चौदाव्या वर्षीं मूल झालें, आणि योग्य वैद्यकीय मदतीच्या अभावीं तें दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्यांनीं वैद्यकीचा ध्यास घेतला, अमेरिकेस जाऊन १८८६ सालीं पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, क्रीडाभुवनांतील सभेच्या बरोबर चार वर्षें आधीं, त्याच पुण्यांत एकविसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. लहान वयांतील मातृत्वाचें वैद्यकशास्त्र आणि स्वानुभव हीं दोन्ही ज्यांच्यापाशीं होतीं, अशा त्या काळच्या कदाचित् त्या एकट्याच महाराष्ट्रीय व्यक्ति. दुसऱ्या रखमाबाई. लहानपणीं झालेलें लग्न नांदविण्यास त्यांनीं नकार दिला. १८८४ ते १८८८ पर्यंत मुंबईच्या कोर्टांत तो दावा गाजला. 'एक हिंदु स्त्री' या सहीनें 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत त्यांनीं जीं पत्रें लिहिलीं तीं सर्वत्र वाचलीं गेलीं. १८९१ सालीं त्या लंडनमध्यें वैद्यकी शिकत होत्या. पंडिता रमाबाई मात्र पुण्यांतच होत्या. १८९० च्या अखेरीस त्यांनीं शारदासदन मुंबईहून तेथें आणलें होतें. परंतु धर्मांतर केलेल्या स्त्रीचें बोलणें कोणत्याच पक्षास सोयीचें नव्हतें. हिंदुस्थानांतील सुमारें पन्नास स्त्री-डॉक्टरांनीं, डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकारानें, आपण स्वतः तपासलेल्या मुलींच्या इजांची यादी जोडून व्हाइसरॉयकडे अर्ज केला होता. म्हणजे पुरावा होता, आणि तो अंगावरच्या जखमांचा होता. आमच्या विद्वानांचा वाद मात्र ऋतुप्राप्ति आणि सोळा रात्रींच्या वचनांभोंवतीं फिरत राहिला. अशा वादास सभ्य म्हणावें कीं नाहीं हें वाचकांवर सोंपवितों.

येथें आम्हांस आमच्या जिल्ह्याकडे वळावयाचें आहे. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरींत बापूजी हरि शिंदे नांवाचे हेडक्लार्क होते. सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांची कन्या ताराबाई. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस, जन्मलेलें मूल मारल्याबद्दल, फांशीची शिक्षा झाली. मुंबईच्या हायकोर्टानें ती काळ्या पाण्यावर आणली व पुढें आणखी कमी झाली. 'पुणेंवैभवा'सारख्या पत्रांनीं त्या निमित्तानें एकंदर स्त्रीजातीच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलें. तेव्हां बुलढाण्यांत राहणाऱ्या या बाईंनीं लेखणी उचलली. 'स्त्रीपुरुषतुलना' हें त्यांचें छोटें पुस्तक पुण्यांत श्रीशिवाजी छापखान्यांत १८८२ सालीं छापलें गेलें. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे.

या पुस्तकाची भाषा सभ्य नाहीं. हें आम्ही तक्रार म्हणून सांगत नाहीं, केवळ वर्णन म्हणून सांगतों. तींत वऱ्हाडांतील घरोघरचे शब्द आहेत, शिव्या आहेत, मधेंच उपहासाचा फटका आणि मधेंच विनवणी आहे. मुद्दा एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारतो. नवऱ्यांनीं बायकांवर घातलेले नियम स्वतःवर लावून पाहावे, हें त्यांचें मागणें. म्हणजे टिळकांनीं आठ वर्षांनंतर सुधारकांस जो पेच घातला तोच, पण घरच्या चुलीपुढें उभें राहून घातलेला. प्रस्तावनेंतच त्या आपण घरांत कोंडलेली मराठा बायको आहों, हें पहिलेंच लिहिणें आहे, असें सांगून टाकतात. या पुस्तकास स्वकीयांकडूनही इतका उपहास लाभला कीं जोतीराव फुल्यांस 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकांत त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचें त्यानंतर एकही पुस्तक नाहीं. मालशे यांनीं १९७५ सालीं तें पुन्हां छापीपर्यंत वाङ्मयाच्या इतिहासांतून त्यांचें नांवही जवळजवळ पुसलें गेलें होतें. त्याच काळच्या भांडारकर-टिळक वादाचीं कात्रणें मात्र ग्रंथालयांतून जपून ठेविलेलीं होतीं.

आम्ही येथें एक गोष्ट कबूल केली नाहीं तर हा निबंध लबाडीचा होईल. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे वक्तृत्वाची स्पर्धा झाली. विषय 'ग्रामीण आरोग्यव्यवस्था'. परीक्षकांत आम्ही एक. डोंगरपट्टीच्या एका खेड्यांतून आलेली मुलगी बोलावयास उभी राहिली. रात्रीं तिच्या वहिनीस कळा सुरू झाल्या, जीप करून सर्वजण आरोग्यकेंद्रावर गेले, तेथें कुलूप होतें, आणि बाळ जीपमध्येंच जन्मलें व गेलें, एवढी हकीकत सांगतांना तिचा आवाज चढला, आणि कुलूप लावून गेलेल्या मनुष्याविषयीं तिनें एक शब्द वापरला जो व्यासपीठावर वापरूं नये असा आहे. सभागृहांत कोणीतरी हंसलें. तिला पुढें बोलतां आलें नाहीं. गुणपत्रकावर 'भाषेची शालीनता' असा एक रकाना होता. त्यांत आम्हीं तिला दहांपैकीं दोन गुण दिले. पहिलें बक्षीस एका मुलास मिळालें. त्यानें दर हजारीं मृत्यूचें प्रमाण बिनचूक सांगितलें होतें व सर्व पक्षांचे आभार मानले होते. ताराबाईंवर व्याख्यान देऊन त्याच आठवड्यांत आम्ही परत आलों होतों, ही त्यांतली आणखी एक गोष्ट.

आतां सभ्यतेची दुसरी बाजू, आणि ती अधिक अवघड आहे. मोठ्यानें बोलणारा दुःखी असतो म्हणून तो म्हणतो तें सारें खरेंच, असें धरून चालतां येत नाहीं. सार्वजनिक वादांत पुराव्याचें ओझें वाहावेंच लागतें. १८९७ सालचा प्लेग हा त्याचा धडा आहे.

मुंबईस १८९६ च्या सप्टेंबरांत सांथ उघडकीस आली. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळांत नेलेला मनुष्य जिवंत परत येत नाहीं, तेथें माणसें उलटीं टांगून मोमियाई काढतात, अशा कंड्या गांवोगांव पिकल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. मनुष्य, घर, सामान, प्रवास यांवर वाटेल तो निर्बंध घालण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला. पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं सुमारें नऊशें शिपाई घरतपासणीस निघाले. रोगी व संशयित यांस हलवावें, सामान जाळावें, घर धुवावें, यांतील पुष्कळ गोष्टी त्या काळच्या वैद्यकशास्त्रास धरून होत्या. टिळकांसही त्यांचें तत्त्व अमान्य नव्हतें. ते शहर सोडून गेले नाहींत, हिंदूंसाठीं निराळें इस्पितळ काढण्यांत पुढाकार घेतला, आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर 'केसरीं'त टीका केली. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस यशवंतराव फुल्यांनीं दवाखाना घातला, आणि तेथें रोग्यांची शुश्रूषा करतांना १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगनेंच वारल्या. लोकांची तक्रार तपासणीविरुद्ध नव्हे, तपासणीच्या तऱ्हेविरुद्ध होती. बुटासकट स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरणारा शिपाई, आणि रस्त्यावर उभी करून तपासलेली बायको. तक्रार सांगावी तर ती ऐकण्याची उघडी जागा कोठेंच नव्हती. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कचेरींत अर्ज द्यावयाचा.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्याकरितां विलायतेस गेले होते. पुण्याहून मित्रांचीं पत्रें जात होतीं. पंडिता रमाबाईंनीं सदनांतील एका मुलीच्या संबंधांत प्लेग इस्पितळाविरुद्ध 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत तक्रार छापली होती. गोखल्यांनीं 'मँचेस्टर गार्डियन' पत्रास कळविलें कीं शिपायांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांतील एकीनें जीव दिला. २२ जूनच्या रात्रीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या होत्या. विलायतेंतील वातावरण तापलेलें. जुलैच्या अखेरीस टिळकांस पकडलें, आणि नातू बंधूंस चौकशीवांचून १८२७ च्या रेग्युलेशनाखालीं स्थानबद्ध केलें. त्यांतील बाळासाहेब नातू तपासणीच्या वेळीं स्वयंसेवक म्हणून शिपायांबरोबर फिरले होते व जें पाहिलें त्याविषयीं लेखी तक्रारी करीत होते. त्याच दिवसांत गोखल्यांची बोट मुंबईस लागली. पुण्यास चौकशी केली तेव्हां पत्रें लिहिणारांपैकीं कोणीही उघड उभा राहण्यास तयार झाला नाहीं. गोखल्यांनीं पत्रलेखकांचीं नांवें सांगितलीं नाहींत. ऑगस्टच्या आरंभीं त्यांनीं गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि शिपाई या सर्वांची बिनशर्त माफी मागणारें पत्र छापलें.

त्या माफीबद्दल त्यांना आपल्याच लोकांकडून जें ऐकावें लागलें तें दीर्घकाळ त्यांच्या मनांत सलत राहिलें. आमचें मत असें कीं तें पत्र हें महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनांतील धैर्याच्या कृत्यांपैकीं एक आहे. शाबीत करतां येत नाहीं तें मागें घ्यावें, हा नियम स्वतःस जड गेला तरी त्यांनीं पाळला. पुढल्या सांथींत ते स्वतः स्वयंसेवक होऊन घरोघर फिरले. परंतु एवढें म्हणून थांबणें म्हणजे पुन्हां क्रीडाभुवनांतच बसणें होय. माफीनें गोखल्यांचा प्रश्न सुटला. त्या दोन स्त्रियांचें काय झालें होतें, किंवा त्या होत्याच कीं नाहीं, हा प्रश्न जेथल्या तेथें राहिला, आणि आज कोणत्याही दप्तरांत त्याचें उत्तर सांपडण्याची आशा नाहीं. बाळासाहेब नातूंचें उदाहरण समोर असतांना साक्ष देण्यास कोण पुढें येणार? पुरावा मागणें रास्त होतें. पुरावा देणाऱ्याची वाट त्याच आठवड्यांत बंद करण्यांत आली होती.

वऱ्हाडांत तर याहून चमत्कारिक स्थिति होती. बुलढाणा, अकोला, अमरावती हे जिल्हे १८५३ च्या तहानें निजामानें इंग्रजांकडे लावून दिलेले. राज्य निजामाचें, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाचा. १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडले जाईपर्यंत हीच व्यवस्था. कलकत्त्यास झालेला कायदा येथें हुकुमानें लागू व्हावयाचा, आणि त्यावर बोलण्यास या लोकांचा एकही मनुष्य कोणत्याही कायदेमंडळांत नाहीं. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव या रेल्वेच्या वाटेनें कापूस मुंबईस जाई आणि सांथ मुंबईहून येई. १८९७ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली; दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष, शंकरन् नायर अध्यक्ष. नातूंच्या स्थानबद्धतेचा निषेध तेथें झाला. पण सांथीच्या दिवसांत ज्यांचीं घरें उघडलीं गेलीं त्यांची साक्ष घ्यावी असें त्या भव्य मंडपांतही कोणास सुचल्याचें दिसत नाहीं. सरकारनें मात्र दंग्यांपासून व खुनापासून कांहींतरी बोध घेतला. पुढील एक-दोन वर्षांत सक्तीची घरतपासणी सैल पडली आणि टोंचणी ऐच्छिक राहिली. म्हणजे जें विनंत्यांनीं झालें नाहीं तें भीतीनें झालें. या अनुभवानें लोकांस काय शिकविलें असेल याचा विचार करावा.

ही केवळ जुन्या हिंदुस्थानची गोष्ट आहे असें नव्हे. २००९ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत प्रतिनिधींनीं आपआपल्या मतदारसंघांत नव्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर खुल्या सभा घेतल्या. लोकशाहीच्या त्या माहेरघरीं वक्त्यांस ओरडून खालीं बसविण्यांत आलें, कांहीं ठिकाणीं धक्काबुक्की झाली. मरणासन्न रोग्यानें डॉक्टरांशीं केलेल्या सल्लामसलतीचे पैसे विम्यांतून द्यावे एवढ्या एका कलमावरून, म्हाताऱ्यांनीं जगावें कीं मरावें हें सरकारी पंच ठरविणार अशी आवई उठली. मोमियाईचीच ही सख्खी बहीण. सप्टेंबरांत अध्यक्ष ओबामा भाषण करीत असतां एका सभासदानें 'खोटें बोलतां' म्हणून ओरड केली व त्याच रात्रीं क्षमा मागितली. कायदा पुढल्या मार्चमध्यें झाला. आमच्याकडील कित्येक लेखकांनीं त्या वेळीं पाश्चात्य सभ्यतेच्या ऱ्हासावर लिहिलें. आम्हांस त्यांत ऱ्हास दिसला नाहीं. औषधाचें बिल भरतां भरतां घर गमावणारा मनुष्य आणि विमा जाईल या भीतीनें ग्रासलेला मनुष्य एकाच दालनांत समोरासमोर आले, आणि दोघांसही पांच मिनिटांचा ध्वनिक्षेपक देण्यापलीकडे त्या दालनाची कांहीं रीतच नव्हती.

रीत म्हणजे काय, हें अलीकडे आपल्या देशांत थोडेंफार शोधलें गेलें आहे. राजस्थानांत १९९४ च्या डिसेंबरांत मजूर किसान शक्ति संघटनेनें जनसुनवाई नांवाचा प्रकार सुरू केला. गांवच्या कामाचे हिशेब चारचौघांत वाचावयाचे, ज्याच्या नांवावर मजुरी लिहिली आहे त्यानें उठून मिळाली कीं नाहीं तें सांगावयाचें. २००४ सालीं राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि जन स्वास्थ्य अभियान यांनीं आरोग्यसेवेसंबंधीं अशाच सुनावण्या विभागवार घेतल्या. महाराष्ट्रांत २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणें व ठाणें या पांच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, आणि जनसुनवाई हा तिचा भाग झाला. आमचा बुलढाणा त्या पांचांत नव्हता. या बैठकींत क्रम उलटा असतो. प्रथम रोगी किंवा त्याचा नातेवाईक बोलतो. दवाखान्यांत औषध असूनही चिठ्ठी बाहेरची दिली, बाळंतपणाला पैसे घेतले, डॉक्टर नव्हते, असें नेमकें सांगतो, तारखेसह सांगतो. वैद्यकीय अधिकारी त्याच ठिकाणीं बसलेले असतात व त्यांनीं तेथेंच उत्तर द्यावयाचें असतें. पंच म्हणून बाहेरचीं माणसें असतात. आवाज चढतो, क्वचित् अपशब्दही जातो. पण 'हा शब्द मागें घ्या' याआधीं 'हें घडलें काय' असें विचारलें जातें. अधिकाऱ्यांवर यांत अन्याय होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पदें रिकामीं, औषधांचा पुरवठा वरून बंद, आणि शिव्या खाव्या लागतात त्या खालच्या डॉक्टरांस, ही त्यांची तक्रार पुष्कळदां खरी असते. तथापि ती तक्रारही त्यांना लोकांपुढें मांडतां येते, ही त्यांतली विशेष गोष्ट.

१८९७ चा तो साथरोगांचा कायदा २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला, ही गोष्ट बहुतेकांस स्मरतच असेल. त्याविषयीं लिहावयाचें तर स्वतंत्र लेख हवा.

२०२४ च्या डिसेंबरांत आमच्या शेगांव तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा वगैरे खेड्यांत माणसांचे केंस अचानक झडूं लागले. डोक्यास खाज सुटावी, दोनचार दिवसांत केंस हातांत यावे, आणि आठवड्याभरांत टक्कल पडावें. मुलें, बायका, म्हातारे, कोणीही सुटेना. प्रथम शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. पाण्यांत नायट्रेटचें प्रमाण फार आढळलें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे शास्त्रज्ञ येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं स्वतः नमुने तपासून घेऊन, रेशनवर मिळालेल्या गव्हांत सेलेनियमचें प्रमाण अतोनात असल्याचें २०२५ च्या फेब्रुवारींत सांगितलें.

त्या जानेवारींत आम्ही त्यांपैकीं एका गांवीं गेलों होतों. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून साहेबलोक बसले होते व पाण्याच्या तपासणीचे आंकडे वाचून दाखवीत होते. माणसें खालीं सतरंजीवर, बायका मागें भिंतीशीं. एक साठीपलीकडची बाई मधूनच उठली. एका कार्यकर्त्यानें, 'मावशी, साहेबांचं होऊं द्या, मग बोला', म्हणून तिला खुणावलें. ती पुढें आली आणि टेबलासमोर उभी राहून तिनें डोक्यावरचा पदर खालीं घेतला. आमच्या भागांत त्या वयाच्या बाईनें चार पुरुषांत असें करणें म्हणजे काय हें येथल्या वाचकांस सांगावयास नको. "पाहा सायेब," ती म्हणाली, "हे असं झालं. आता तुमी सांगा कायच्यानं झालं." वाचणाऱ्या साहेबांनीं हातांतला कागद खालीं ठेवला आणि तिला बसावयास खुर्ची मागविली. मग ती काय खाते, गहूं कोठून आणते, केव्हांपासून आणते, हें ते तिला विचारीत राहिले, आणि भिंतीशीं बसलेल्या बायका एकेक करून पुढें सरकूं लागल्या.